मखमल जिवंत होईपर्यंत

पुस्तक मागायला कोणी टेबलाजवळ आलं, की काकाजी उजव्या हाताचा पंजा उघड्या पानावर पालथा ठेवायचे आणि वर न बघता म्हणायचे, "थांब. मखमल अजून जित्ता नाई झाला."

पंजा दणकट होता. त्याखाली निम्मं पान झाकून जायचं. समोर शाळकरी पोर असो, मुख्याध्यापक असो, की तहसीलचा शिरस्तेदार असो, उत्तर हेच. नवा माणूस गोंधळायचा. वाचनालयात कोणी मेलं असेल तर टोपी काढावी की काय, या विचारात तो क्षणभर उभा राहायचा. जुनी मंडळी मात्र मुकाट्यानं बाकावर बसून कालचं वर्तमानपत्र उलगडायची. मखमल जिवंत झाल्याशिवाय कपाटाची किल्ली हलत नाही, हे त्यांना माहीत होतं.

मखमल हे गाढव होतं. पुस्तकातलं. उडणारं.

आमच्या वाशीमच्या वाचनालयात काकाजी सगळंच होते. झाडू मारायचे, वर्तमानपत्रं लावायचे, पुस्तकं द्यायचे आणि परत न करणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या सासूसमोर, मोठ्यानं मागायचे. कोणी त्यांना 'ग्रंथपाल' म्हटलं की ते मागं वळून बघायचे, हा कोणाला हाक मारतोय म्हणून. मूळचे किन्हीराजाचे. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर त्यांच्या घरातले देव गेले आणि त्या जागी त्यांच्या वडिलांनी पुस्तकांची फळी ठोकली. पुस्तकं होती दोन, फळी चार हात लांब. कारण विचारलं तर म्हातारा म्हणाला होता, "पुढं लागन."

पुस्तकाला चुकून पाय लागला की पोरं सवयीनं हात कपाळाला लावायची. ते काकाजींना खपायचं नाही. "पाया कायले पडतं बे? तो का देव हाय? पुसून ठेव नीट. पुस्तक हाय ते, देव मिळतेत ढीगभर." भुताखेताच्या, चमत्काराच्या गोष्टींवर त्यांचा भारी राग. अशी पुस्तकं त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती आणि शिडी मोडली आहे असं सांगायचे. शिडी धडधाकट होती. मी स्वतः तिच्यावर चढून पुस्तकं मोजलेली आहेत.

मी मोजणी खात्यात. दुसऱ्यांच्या शेतातून साखळी ओढण्यात माझी निम्मी नोकरी गेली. वाचनालयाच्या समितीवर मला घेतलं ते याचसाठी, की वर्षातून एकदा कोणीतरी पुस्तकं मोजावी आणि ती मोजताना वाचत बसू नये. दुसरा भाग मला सहज जमायचा. गोष्टीची पुस्तकं मला आवडत नसत. त्यांत आकडे चुकलेले असतात.

तर अशा या दोन माणसांच्या आयुष्यात ती मुलांची मालिका आली. सात भागांची. तेव्हा ती घरोघरी वाचली जायची आणि अजूनही निघते असं ऐकतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांनी ती नीट वाचली आहे ते माझ्याशी भांडायला येतील. गावातल्या एका कापड दुकानदाराची मुलं मोठी झाली, तेव्हा त्यानं सातही भाग वाचनालयाला देऊन टाकले. रंगीत वेष्टनांची पातळ पातळ पुस्तकं. वेष्टनावर भागाचा आकडा, खाली उडणाऱ्या गाढवाचं चित्र. काकाजींनी ते चित्र बघितलं आणि शिडीकडे बघितलं. पण पोरांनीही चित्र बघितलं होतं. दोन दिवसांत दोन भागांची पाठ उसवली आणि एका वेष्टनावरून दोन भावांची मारामारी झाली.

"समदे एकाच जिल्दीत बांधून टाकतो," काकाजी म्हणाले. "मंग वढा म्हना."

जिल्द बांधणारे चाचा आमच्या वाचनालयाच्या ओसरीवरच बसत. त्यांचं घर मागच्या गल्लीत होतं, पण घरात नातवंडं खळ खातात, अशी त्यांची तक्रार होती. ओसरीच्या एका कोपऱ्यात दाभण, दोरा, कातडी, खळीचं भांडं. नगरपालिकेची दप्तरं, कोर्टाच्या वह्या, आमची पुस्तकं, सगळी बांधणी त्यांच्याकडे. शिवाय गावातल्या आणि आसपासच्या मुसलमान घरांतली उर्दू पुस्तकं यायची. मराठी त्यांना फर्डी बोलता यायची, वाचता मात्र उर्दूच यायची. त्यांचा एकच अभिमान होता, आणि तो ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचे. "चालीस साल हो गये. मेरे हाथ की किताब वापस नहीं आई."

काकाजींचं आणि त्यांचं रोज भांडण. चहा एक यायचा, अर्धा कपात, अर्धा बशीत. बशी कोणाची यावर वाद. काकाजी म्हणायचे, "चाचा, तुई सिलाई इतकी घट्ट राह्यते का पुस्तक उघडतच नाई. वाचावं कसं?" चाचा म्हणायचे, "तू वाचू नको ना. राखण कर."

सात भागांची ती जिल्द झाली. अडीच इंच जाड. शेजारच्या किराणावाल्यानं तराजूत टाकून बघितली, सव्वा किलो भरली. चाचांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे फाटकी रंगीत वेष्टनं काढून टाकली होती, कडा सरळ कापल्या होत्या, वर काळं कापड चढवलं होतं. शिलाई नीट आहे की नाही बघावी, म्हणून काकाजींनी पहिलं पान उघडलं.

दुपारचे तीन वाजले होते. पाच वाजता मी तिथं गेलो, तेव्हा वाचनालयात वर्तमानपत्रांसाठी रांग होती आणि काकाजी मान खाली घालून बसले होते. मी खाकरलो. पंजा पानावर आला.

"थांबा राजेहो. गाढव मेलं म्हनते हा लिवनारा. पयल्याच पानावर. असं कोनी करते का?"

पुढच्या आठवड्यापासून ते मोठ्यानं वाचायला लागले. शाळा सुटल्यावर पोरं यायची. मग मुद्रांक विकणारे एक गृहस्थ यायला लागले, मग कोर्टातले दोन कारकून. ओसरीवर चाचा दाभण चालवता चालवता ऐकायचे. गोष्ट अशी होती. तीन भावंडं, दोन भाऊ आणि धाकटी कुसुम, जत्रेतल्या पाळण्यात बसतात. पाळणा वर जातो, आणि खाली येतो तो दुसऱ्याच मुलखात. तिथला राजा काचेचा. त्याच्या मुलखात सगळ्यांनी हळू बोलायचं, कारण आवाजानं राजाला तडा जातो. मुलांचा सोबती मखमल हा धोब्याचं गाढव. पण हा मखमल गोष्ट सुरू होते तेव्हा मेलेला आहे. मुलं त्याच्या गळ्यातली घंटा घेऊन रडत फिरतात, राजाशी लढतात, राजा फुटतो. पुढं राजा पुन्हा अखंड. त्याच्याही पुढं एका सकाळी मखमल उभा, गवत खातोय!

त्या दिवशी ओसरीवर टाळ्या पडल्या. चाचांच्या बोटात दाभण गेलं.

दुसऱ्या आठवड्यात मखमल पुन्हा मेला. काचेच्या भट्टीत उडी घेऊन. पोरं काकाजींवर चिडली, जणू यांनीच ढकललं. काकाजींनी पान उलटलं, आणि मखमल पुन्हा जिवंत. या खेपेला तो शेवटपर्यंत टिकला.

"दोनदा कायले उठला?" एका पोरानं विचारलं.

"पयल्या डावाले जादू कच्ची होती," काकाजी म्हणाले.

काकाजींकडे सगळ्याला उत्तर होतं. कुसुम सुरुवातीला चौदा वर्षांची, मग तेरा, मग अकरा, आणि जाड जिल्द संपता संपता आठ वर्षांची होते. का? "त्या मुलखात वय उतरते. जादूचा मुलूख हाय बाप्पा, आपली नगरपालिका नाई." मधूनच मजकुरात येई, 'मागच्या वेळी मखमलनं कसं वाचवलं ते तुम्हाला आठवत असेलच.' कोणालाच आठवत नसे. "पुढं समजन," काकाजी म्हणत. आणि पुढं खरंच समजायचं. देव न मानणारा, भूत न मानणारा हा माणूस उडत्या गाढवाच्या बाबतीत मात्र कोणाचं ऐकत नव्हता. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "देव कोनं पायला? मखमल मले रोज दिसते."

चाचांचं मत त्यांच्याहून पुढचं होतं. "लिखनेवाला दिमागवाला है," ते म्हणायचे. "दुसरे लोग मरने पे खतम करते. ये मरने से शुरू किया."

सगळं वाशीम ती मालिका अशी ऐकत होतं आणि खूश होतं. मी नव्हतो. मखमल काचेच्या महालापासून समुद्रापर्यंत दूध उतू जायच्या आत जाऊन येतो, असं वाचल्यावर मी काकाजींना विचारलं, अंतर किती? "तुमची साखळी घेऊन जा आन् मोजा," ते म्हणाले. मी तेवढ्यावर सोडलं असतं. पण कुसुमचं वय मला सोडवेना. दरवेळी कमी होत होतं, ते ठीक, जादू समजू. पण प्रत्येक भागाच्या आत ते वाढत होतं. सातशे पानांत सात वेळा पोरगी थोडी मोठी होते, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना एकदम लहान. जादू इतकी शिस्तीत चालत नाही. जमिनीच्या नकाशाचे तुकडे उलट्या क्रमानं जोडले की असंच होतं. नाला डोंगर चढताना दिसतो.

एका सुट्टीच्या दुपारी मी ती जिल्द घेऊन बसलो, आणि मालिका आयुष्यात पहिल्यांदा वाचली ती अशी, चूक शोधायला. सापडली. चाचांनी उर्दू पुस्तकासारखी मांडणी केली होती. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणून पहिला भाग उजव्या हाताला, त्याच्या डावीकडे दुसरा, असं लावत गेले. आकडे होते वेष्टनांवर, ती काढून टाकलेली. कोर्टाच्या कोऱ्या वह्यांना पुढं-मागं नसतं, आणि एकेकटं मराठी पुस्तक आतून आधीच लागलेलं असतं. अनेक भाग एकत्र बांधायचं हे त्यांचं पहिलंच मराठी काम. म्हणजे आमच्या गावानं ती प्रसिद्ध मालिका सातव्या भागापासून पहिल्यापर्यंत वाचली होती. खरी गोष्ट अशी, की मखमल पाचव्या भागाच्या शेवटी मरतो. आणि मेलेलाच राहतो.

मी हे काकाजींना सांगितलं. मला थोडा आनंद झाला होता, तो चेहऱ्यावरही असेल. काकाजींनी ऐकून घेतलं, मग दाराकडे बघितलं.

"हळू बोला. बाहेर चाचा बसला हाय."

"चूक ती चूक, काकाजी."

"मी कोठी नाई म्हनतो? चूकच हाय. पन तिच्यात तुमचं काय दुखून राह्यलं? त्याच्या हाताची किताब आजवर वापस नाई आली. हे त्याले समजलं तर तो दाभनाले हात नाई लावाचा. डोये गेले, हात थरथरते. हे एक बांधनं गेलं तं त्याच्याजोळ दुसरं हाय काय?"

मी म्हणालो, मी आपणहून कोणाला सांगणार नाही. पण विचारलं तर खरं सांगेन.

आणि विचारायची वेळ आली. आणीबाणीचे दिवस होते. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर 'शांतता राखा' आधीपासून होतं, त्याखाली 'शिस्त पाळा' रंगवलं गेलं. समितीचे चिटणीस एक वकीलसाहेब होते. एरवी ते वर्षातून एकदा यायचे, तेही पंखा चालू आहे का बघायला. तपासणीला अधिकारी येणार म्हटल्यावर ते रोज यायला लागले, मनगटावर घड्याळ बांधून. बैठकीत त्यांनी प्रत्येकाला विचारलं, वाचनालयात काही बेशिस्त? मला विचारलं, मी सांगितलं. विचारल्यावर खरं सांगायची सवय मला तेव्हा होती, आजही आहे.

वकीलसाहेबांना घबाड मिळालं. वेळेवर न येणारे कर्मचारी सगळ्यांकडे असतात. उलटं पुस्तक फक्त आमच्याकडे होतं. ते तडक ओसरीवर गेले. मागं मी. काकाजींचं वाचन चालू होतं, नव्या पोरांसाठी जिल्द पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे शेवटापासून, सुरू केली होती. पोरं पायरीवर, चाचा कोपऱ्यात. वकीलसाहेबांनी काकाजींच्या हातातून पुस्तक घेतलं आणि चाचांच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुम्ही बांधलंत?"

"जी. मेरेच हाथ का है."

"उलटं बांधलंय."

चाचांनी पाठीवरून अंगठा फिरवला. "उल्टा कैसा, वकीलसाब? सिलाई तो सीधी है."

"शिलाई नाही हो, गोष्ट! शेवटचा भाग आधी, पहिला शेवटी. उर्दूसारखं लावलंय. आता हे उसवा. आणि पुढच्या वर्षापासून सगळी बांधणी अकोल्याला जाईल, तिथं यंत्र आहे. नगरपालिकेलाही मी तसंच कळवतो."

चाचा पुस्तकाकडे बघत राहिले. मला वाटलं, ते चाळीस वर्षांचं काहीतरी बोलतील. ते काकाजींकडे वळले.

"मतलब, गधा मरता है? आखिर में?"

काकाजींनी मान खाली घातली.

"मर जाता है," चाचा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी खळीच्या भांड्याशेजारची सुरी उचलली. "ठीक है. मेरी गलती है, मैं खोल देता हूँ." सुरीचं टोक शिलाईत घालायला त्यांना दोनदा जागा शोधावी लागली.

तेवढ्यात तो पंजा आला. काळ्या कापडावर, सुरीच्या आडवा.

"थांब. मखमल अजून जित्ता नाई झाला."

"काकाजी, बाजूला व्हा," वकीलसाहेब म्हणाले. "मेलेलं गाढव आहे ते. लेखकानं मारलंय. ते उठून कसं बसतं?"

"काहून? तुमच्या कोर्टात मेलेले साक्षीदार येऊन अंगठा करून जातेत, तवा तुमी नाई इचारत कसे उठले म्हनून."

पोरं हसली. मुद्रांकवाले गृहस्थ एकाएकी चप्पल शोधायला लागले.

वकीलसाहेबांचे कान लाल झाले. "विषय बेशिस्तीचा आहे!"

"मंग माह्यावर टाका. मीच सांगतलं होतं असं बांधाले. मले उलटंच पायजे होतं."

ही थाप होती. काकाजींना थापा मारता येत नसत. बोलताना त्यांचे कान हलायचे, आणि आत्ता तर दोन्ही हलत होते. वकीलसाहेबांनी ते पाहिलं, आणि ते माझ्याकडे वळले. "तुम्ही हिशेबी माणूस. तुम्ही सांगा, काय खरं?"

चाचांची सुरी अजून शिलाईत होती. काकाजी माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या 'शिस्त पाळा'कडे बघत होते.

मी म्हणालो, "पानं मी स्वतः मोजली आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही, एकही उलटं लागलेलं नाही. शिलाई पक्की आहे."

"मी क्रमाचं विचारतोय."

"क्रमाचं म्हणाल तर आमच्या खात्यातही सातबाऱ्यावर अशी पुष्कळ माणसं आहेत. मरून कितीतरी वर्षं झाली आणि अजून शेत कसतात. त्यांतल्या काहींची वकीलपत्रं तुमच्याकडे आहेत. आजवर कोणत्या तपासणीत त्याला हरकत निघालेली मी पाहिली नाही. अधिकारी पानं मोजतात. पानं बरोबर आहेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. वकीलसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "तपासणी होईपर्यंत ते पुस्तक कुलपात ठेवा. पुढचं पुढं बघू."

तपासणीचे अधिकारी आले, चहा प्याले. भिंतीवरचं अक्षर कोणाचं, फार सुबक आहे, असं म्हणाले आणि पाचच्या गाडीनं गेले. एकही कपाट उघडलं नाही. अकोल्याच्या यंत्राचं वकीलसाहेबांनी पुन्हा काढलं नाही, आणि बांधणी चाचांकडेच राहिली.

पण चाचा ओसरीवर येईनात. कोपरा रिकामा. काकाजी अर्धा चहा प्यायचे आणि अर्धा बशीत तसाच ठेवून द्यायचे. साय धरली की पोराला म्हणायचे, फेकून दे. त्या दिवसांत त्यांनी वाचन बंद ठेवलं. पोरांनी विचारलं तर म्हणायचे, "घसा धरला." घसा ठणठणीत होता. त्याच घशानं त्यांनी किराणावाल्याला दोन पुस्तकांसाठी भर बाजारात हाका मारल्या होत्या.

मग एका सकाळी चाचा आले. त्यांनी हात पुढं केला. काकाजींनी कुलूप काढून ती जिल्द दिली. मी टेबलाशी होतो. सुरी दिसते का म्हणून बघितलं. सुरी नव्हती, सुई होती. चाचांनी दोन फिती आणल्या होत्या, एक पिवळी, एक लाल. पाठीच्या वरच्या टोकाला त्यांनी दोन्ही शिवल्या. हात थरथरत होता म्हणून सुई ओवून द्यायचं काम काकाजींकडे आलं, आणि त्यांनाही ते जमेना. शेवटी मी ओवली.

पिवळी फीत त्यांनी पहिल्या पानात घातली. लाल फीत कुठं घालायची ते मला विचारलं. पहिला भाग सुरू होतो ते पान मी काढून दिलं, जिल्दीच्या शेवटाकडचं.

"पीले से शुरू करो तो जी उठता है," चाचा म्हणाले. "लाल से शुरू करके एक एक हिस्सा इधर आओ, तो मरता है. जिसको जैसा चाहिए." मग काकाजींना म्हणाले, "झूठ बोला तू. और झूठ बोलना भी नहीं आता तेरेको. कान हिलते."

"तुया सिलाईपेक्षा बरं बोलतो मी."

"मैं यहाँ बैठा हूँ तब तक लाल को हाथ मत लगाना."

"मले काय गरज पडली?" काकाजी म्हणाले. आणि चहा सांगायला उठले.

त्यानंतर त्या जिल्दीची किती आवर्तनं झाली, ते मी मोजलेलं नाही. माझी मुलगी सुमन त्यांतल्या दोन-तीन आवर्तनांना पायरीवर होती. घरी येऊन ती मला सांगायची, "बाबा, आज मखमल उठला." खरी गोष्ट माहीत असून मी फक्त "असं का?" म्हणायचो. आमच्या घरात माझ्या कानांकडे लक्ष ठेवायची पद्धत तेव्हापासून पडली.

चाचा आधी गेले. कोपऱ्यात खळीचं भांडं बरेच दिवस होतं. काकाजी ते कोणाला हलवू देत नसत. मग तेही निवृत्त झाले आणि लेकीकडे जऊळक्याला राहायला गेले. मोजणीच्या कामानं मी तिकडे गेलो की स्टेशनजवळ त्यांची गाठ पडायची. एकदा विचारलं, "काकाजी, खरं सांगा. चाचांच्या मागं तरी तुम्ही कधी लाल फितीपासून वाचलंत का?"

"कायले?" ते म्हणाले. "मरते हे का मले माहीत नाई?" मग म्हणाले, "तुमी वाचलं?"

"चूक शोधली तेव्हा मधून मधून बघितलं. सलग नाही."

"मंग वाचा एकदा. तुमी शिस्तीचे मानूस." आणि हसले. त्यांच्या समोरचे दोन दात तोवर पडलेले होते.

गेल्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं, तेही चार दिवसांनी. तोवर वाचनालयानं नवी जागा घेतली होती, आणि जुनी पुस्तकं एका खोलीत रचून ठेवली होती. मी समितीला रीतसर विचारलं, आपल्या नावावर लिहून घेतलं, आणि ती सव्वा किलोची जिल्द घरी आणली. किराणावाल्याचा तराजू खरा होता. घरी पुन्हा वजन केलं. पिवळी फीत झिजून सुतळीसारखी झाली आहे, टोकाला नुसते धागे. लाल फीत आहे तशी. तिच्यावर घडीची खूणसुद्धा नाही. काकाजींनी शब्द पाळला होता.

मी शिस्तीचा माणूस. मी लाल फितीपासून सुरू केलं. रोज दुपारी जेवणानंतर थोडं थोडं. पहिल्या भागात मखमल धोब्याच्या दारात बांधलेला आहे. पंख फुटलेले नाहीत, फुटायच्या जागी नुसती खाज सुटते आणि तो भिंतीला पाठ घासतो. कुसुम आठ वर्षांची. पुढं ती वाढत जाते, वाढायला हवी तशी, बरोबर हिशेबात. अंतरांचा घोळ आहे, पण मी तो सोडून दिला. चौथा भाग संपला. पाचवा निम्म्यावर आला. लेखक काय करतोय ते दिसत होतं. भट्टी पेटली होती.

काल दुपारी मखमल भट्टीच्या काठावर आला. पाठीवर कोणी नाही. गळ्यातली घंटा त्यानं आधीच कुसुमला दिलेली. सुमन आता मॅट्रिकला आहे. ती मला चहा घेऊन आली आणि टेबलाजवळ उभी राहिली. "बाबा, कुठवर आलं?"

मी वर बघितलं नाही. माझा पंजा काकाजींच्या निम्म्यानंही नाही, पण शेवटच्या सात ओळी त्याखाली झाकल्या.

"थांब," मी म्हणालो. "अजून मेला नाही तो."